गोंदिया ते सॅन फ्रान्सिस्को

बिरसी विमानतळ, डिसेंबर 2023



मुंबईहून सुटलेली विदर्भ एक्सप्रेस गोंदियाला यायला सोळा तासांच्या आसपास घेते. अंतर हजार किलोमीटरही नाही. दिल्लीहून निघालेले विमान साधारण तेवढ्याच वेळात सॅन फ्रान्सिस्को गाठते. नकाशावर ते बारा हजार किलोमीटरहून लांब आहे! ‘अमेरिका किती दूर’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना हे सांगायला हरकत नाही.

गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी ब्रिटिशांनी 1940 मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत बांधली. 2005 मध्ये विमानतळ प्राधिकरणाने ती ताब्यात घेतली. तेव्हा गोंदियाचेच प्रफुल्ल पटेल विमान वाहतूक मंत्री होते, हे गोंदियात वेगळे सांगायला नकोच. शिकाऊ वैमानिक इथून आधी उडाले, तिकीटवाले प्रवासी नंतर. मार्च 2022 मध्ये फ्लायबिगचे इंदूर–गोंदिया–हैदराबाद विमान सुरू झाले आणि काही महिन्यांत थांबलेही. 1 डिसेंबर 2023 पासून इंडिगोचे गोंदिया–हैदराबाद–तिरुपती सुरू झाले. जवळच्या झिलमिली तलावावरची पाहुणी बदके मात्र हिमालयापलीकडून येतात, तीही मध्ये कुठे विमान न बदलता.

हैदराबाद

पंख्यांचे छोटे एटीआर विमान. बिरसी ते हैदराबाद सरळ रेषेत पाचशेवर किलोमीटर. मोठे जेट तासाला नऊशेच्या घरात जाते, एटीआर पाचशेच्या. त्यामुळे तिकिटावरचे किलोमीटर पाहून वेळेचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. त्यात विमान बदलण्यासाठी ताटकळण्याचे तास वेगळेच. ते कुठल्याच अंतरात मोजले जात नाहीत.

सॅन फ्रान्सिस्को

वाऱ्याचा हिशेब तर याहून गमतीचा. एअर इंडियाचे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान पूर्वी अटलांटिकवरून जाई, सुमारे 13,900 किलोमीटर. 16 ऑक्टोबर 2016 रोजी ते पहिल्यांदा उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून नेले. वाट 15,300 किलोमीटरची, म्हणजे चांगलीच लांब, तरी साडेचौदा तासांत संपली. उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात; अटलांटिकच्या वाटेवर ते समोरून येत, इथे पाठीवर घेतले. विमान 16 तारखेच्या पहाटे दिल्लीहून निघाले, वाटेत वाररेषा ओलांडून 15 तारखेत शिरले आणि 16 च्याच सकाळी उतरले. प्रवाशांना एका तारखेच्या दोन पहाटा मिळाल्या.

जानेवारी 2021 मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या महिला सहकारी वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्को–बेंगळुरू विमान उत्तर ध्रुवावरून आणले. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणला की तो ध्रुवाजवळूनच जातो. भिंतीवरच्या सपाट नकाशात हे दिसत नाही.

आईची काळजी वेगळी: वाटेत काही झाले तर? जून 2023 मध्ये झालेही. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला, मगादानला उतरवावे लागले. 216 प्रवासी तिथे अडकले. 8 तारखेला दुसऱ्या विमानाने त्यांना पुढे नेले. सगळे सुखरूप पोहोचले, एवढे आईला आधी सांगावे.

आता फोनचे. हिवाळ्यात इथे संध्याकाळचे सात, तेव्हा गोंदियात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेआठ. मार्चमध्ये इथली घड्याळे तासभर पुढे सरकतील. मग बाबांच्या चहाआधीच, साडेसातला फोन वाजेल.