वाढत्या अंगाची कंपनी

लहानपणी आमच्या आईने मला मापाचा शर्ट कधीच शिवला नाही. "वाढतं अंग आहे," असं म्हणून ती शिंप्याला दोन इंच जास्तच सांगायची. शर्ट मापाचा होईपर्यंत तो फाटत असे. पुढे बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि वाढत्या अंगाचा प्रश्न माझ्यापुरता मिटला असं समजून चाललो. तो २०२३ च्या जूनमध्ये पुन्हा उपस्थित झाला. त्या महिन्यात बँकेने मला पुण्यात बाणेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत पाठवलं.

ही कंपनी आमच्या बँकेसाठी ठेवींचा नवा प्रोग्रॅम तयार करीत होती. तो नीट चालतो की नाही हे बघायला बँकेचा एक माणूस तिथं बसणार होता. कॉम्प्युटरमधलं काहीही न कळणारा माणूस हवा, अशी अट होती म्हणे. आमच्या शाखेतून माझं नाव एकमताने गेलं.

पहिल्या दिवशी कंपनीत माणसं चाळीस आणि खुर्च्या पस्तीस होत्या. उशिरा येणाऱ्याने खिडकीत बसायचं, असा रिवाज. मी गेलो तेव्हा खिडकीत मालक बसले होते. वय वर्षं बत्तीस. मी नमस्कार करून "साहेब" म्हटलं, तर म्हणाले, "इथं साहेब कुणी नाही. नावानेच हाक मारा." आता, ज्याच्या सहीने चाळीस माणसांचा पगार होतो त्याला नुसत्या नावाने हाक मारायला बँकेतल्या माणसाची जीभ कशी रेटणार? शेवटी मी नावापुढे हळूच 'साहेब' जोडून तडजोड केली. त्यांनीही आपल्या बाजूने तडजोड केली. ते मला 'काका' म्हणू लागले. मग सगळेच म्हणू लागले.

माझी खरी गट्टी जमली ती 'तीन नंबर'शी. हा मुलगा कंपनीत तिसरा लागलेला, म्हणून त्याला सगळे तीन नंबर म्हणत. कुठला प्रोग्रॅम कुणी लिहिला, तो का बिघडतो आणि चहावाल्याची उधारी किती, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. त्याच्या टेबलाखाली एक विजेची किटली असे. रात्री अकराला जो जागा असेल त्याला तो कॉफी देई. कोण जागा आहे हे विचारावं लागत नसे. सगळेच जागे असत.

२०२४ च्या फेब्रुवारीत मी एक पराक्रम केला. एक वर्षाची ठेव मी मुद्दाम २९ फेब्रुवारीला ठेवून पाहिली. (मोरारजीभाईंचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा, हे वडिलांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. ते ज्ञान आयुष्यात पहिल्यांदाच उपयोगी पडलं.) प्रोग्रॅमने मुदत संपण्याची तारीख दिली २९ फेब्रुवारी २०२५! अशी तारीख कॅलेंडरात नाही हे कळल्यावर त्याने हातपायच गाळले. मी जागेवरूनच ओरडलो, "अरे तीन नंबर, तुझं वर्ष एक दिवसाने लांब झालंय!" दहा मिनिटांत दुरुस्ती झाली. पंधराव्या मिनिटाला आम्ही दोघं वडापाव खात होतो. आमच्या बँकेत एवढ्या वेळात फाईलची दोरीसुद्धा सुटत नाही.

मार्चमध्ये मात्र एका रात्री तीन नंबरने अशीच घाईत एक दुरुस्ती केली. सकाळी पाहतो तो, सगळ्या खात्यांवर व्याज दोनदा जमा! खाती सरावाची होती म्हणून निभावलं. मालकांचा चेहरा मात्र उतरला. मला म्हणाले, "काका, बँकेत हे कसं टाळता?"

वीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी काही विचारल्याचा हा पहिलाच प्रसंग. मी खुलून सांगितलं, "सोपं आहे. एकाने करायचं, दुसऱ्याने तपासायचं. दोघांच्या सह्या. आणि सगळं लेखी." ते उठले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. मला काय ठाऊक, मी वडाचं रोप लावतोय म्हणून!

त्याच सुमारास कंपनीला आणखी कामं मिळाली. काम मागे पडलं म्हणून माणसं घेतली, आणि माणसांना काम शिकवता शिकवता काम आणखी मागे पडलं. गंमत अशी, की मालकांच्या कपाटात फ्रेडरिक ब्रूक्स यांचं १९७५ सालचं पुस्तक होतं. आयबीएमचं एक प्रचंड काम सांभाळून पोळलेल्या या गृहस्थांनी त्यात लिहून ठेवलंय, की उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली तर उशीर वाढतो. पेशवाईत बारभाई पाहिलेल्या पुण्याला हे सांगायला अमेरिकन माणूस कशाला हवा? पण हिशेब मला पटला. चाळीस माणसांत दोघादोघांच्या जोड्या होतात ७८०. वर्षअखेरीस माणसं झाली १८०, आणि जोड्या १६,११०. माणसं साडेचार पट आणि 'तू सांगितलंस का? मला वाटलं तू सांगितलंस' वीस पटींहून जास्त!

मग लेखी करण्यावाचून गत्यंतरच उरलं नाही. फॉर्म करायला अनुभवी माणूस म्हणून मलाच बसवलं. रजेचा फॉर्म मी केला. किरकोळ खर्चाचं व्हाउचर मी केलं. दुरुस्तीच्या मागणीचा फॉर्म, त्यातला 'शेरा' हा रकाना, सगळी माझीच अपत्यं. ऑक्टोबरमध्ये ठेवीच्या पावतीवर 'पावती'चं 'पवती' झालेलं मला दिसलं. मी जागेवरून ओरडणार, तेवढ्यात लक्षात आलं, की तीन नंबर आता वरच्या मजल्यावर बसतो. रीतसर मागणी नोंदवली. तिला नंबर मिळाला, मग प्राधान्य मिळालं, मग तिच्यावर दोन मीटिंगा झाल्या. एक काना द्यायला एकोणीस दिवस लागले. मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

१९८० च्या दशकात बँकांत कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर संघटनांनी विरोधाचे झेंडे उभारले होते. भीती अशी, की कॉम्प्युटर कारकुनाला खाऊन टाकील. त्यांना उगीचच घोर लागला होता. मी स्वतः पाहिलं, कॉम्प्युटरवाल्यांना जरा वाढू द्या, त्यांचेच कारकून होतात.

डिसेंबरमध्ये तीन नंबर माझ्यापुढे येऊन उभा राहिला. नोकरी सोडत होता. हातात ना-देय प्रमाणपत्राचा फॉर्म. सात सह्यांचा. अर्थात माझाच. म्हणाला, "काका, सहा झाल्या. त्यातल्या चौघांनी मी कोण म्हणून विचारलं."

मला काही बोलता येईना. उगीच विचारलं, "कंपनीच्या वस्तू परत केल्यास?"

"किटली माझीच होती," तो म्हणाला. "पण राहू दे इथंच. कुणीतरी जागं असेल."

"नवी कंपनी केवढी आहे?"

"आठ माणसं. खुर्च्या सहा."

"आणि फॉर्म?"

"अजून नाहीत. व्याज दोनदा पडलं की तुम्हाला फोन करीन."

मी सही केली. डोळ्यांपुढे अक्षरं जरा हलत होती, त्यामुळे सहीखाली तारीख घालायची राहिली. दुसऱ्या दिवशी फॉर्म परत आला. 'शेरा' या रकान्यात कुणीतरी नव्या मुलाने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'सही अपूर्ण. पूर्तता करून पुन्हा सादर करावे.'