माटुंग्याहून कान्हेरी: हजार वर्षांपूर्वीची हजेरी

फाइव्ह गार्डन्सला चक्कर मारताना पारशी कॉलनीच्या फाटकांवरची नावं वाचलीयत कधी? मग या रविवारी माटुंगा रोडहून बोरिवली स्लो पकडा. कान्हेरीला याच समाजाची हजार वर्षांपूर्वीची नावं वाट बघतायत.

कान्हेरी म्हणजे बौद्ध भिक्षूंचा विहार. एकाच डोंगरात शंभराहून जास्त लेणी. पिकनिकवाले मोठा चैत्य बघून, माकडांना वेफर्स देऊन परततात. तुम्ही मात्र वर चढा, लेणं क्रमांक ९० गाठा. तिथल्या दगडावर पहलवी लिपीतले लेख आहेत, वरून खाली उतरत जाणाऱ्या ओळींचे. दोन लेख १००९ सालचे, एक १०२१ चा. तेव्हा उत्तर कोकणात शिलाहारांचं राज्य होतं.

मजकूर काय? राजाची स्तुती नाही, दानाचा हिशेब नाही. देवाचं नाव, यज्दगर्दी सन, महिना, दिवस आणि अमक्याचा मुलगा तमका इथे आला, अशी यादी. त्यात एक आहे माह-अय्यार. माटुंग्याच्या अय्यरांशी नातं नाही हं, हा पक्का झरथुष्ट्री!

पारशांच्या आगमनाची गोष्ट सांगणारं ‘किस्सा-ए-संजाण’ लिहिलं गेलं १५९९ मध्ये. हे लेख त्याहून जवळजवळ सहाशे वर्षं जुने. सिनाईच्या वाळवंटातल्या खडकांवर आर्मेनियन यात्रेकरूंनीही अशीच नावं कोरून ठेवलीयत. घरापासून लांब आलेल्या माणसाला ‘मी इथे होतो’ हे सांगावंसं वाटतंच. फरक इतकाच, की हे पाहुणे आले ते दुसऱ्याच्या धर्मस्थळी, आणि तरीही आपल्या देवाचं नाव घेऊन हजेरी लावून गेले.

२०११ च्या जनगणनेत देशभरात पारशी उरले होते ५७,२६४. म्हणून ही यादी वाचताना जरा थांबायला होतं. माणसं कमी होत जातात, नावं दगडावर राहतात.

आणि हो, शेजारीच ‘पिंकी लव्ह्ज राजू’ कोरायचा मोह आवरा. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. माह-अय्यारला हजार वर्षांची सूट आहे, तुम्हाला नाही!

कसं जाल: बोरिवली पूर्वेला उतरून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत. सोमवारी बंद. सकाळी लवकर निघा, पाणी आणि टॉर्च बरोबर ठेवा.