बरोबरची खूण

साहस ही निवडायची गोष्ट असते, हे मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळलं. तोवर माझी समजूत अशी होती, की साहस हे अवकाळी पावसासारखं असतं. ते येतं, आपण भिजतो आणि घरी येऊन डोकं पुसतो.

यात दोष माझा नाही, गावाचा आहे. आमचं नाकाडोंगरी भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, पार वरच्या टोकाला. पलीकडे मध्य प्रदेश, मधे बावनथडी नदी, सभोवती जंगल आणि जवळच डोंगरी बुजुर्गची मँगनीजची उघडी खाण. चैत्रात पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या माणसाला अस्वल भेटतं, कारण मोहावर त्याचाही हक्क आहे. अशा वेळी त्या माणसापुढे छापील कागद धरून कोणी विचारत नाही, की "आपल्याला अस्वल चालेल, की रानडुक्कर देऊ?" जे समोर येईल ते निमूटपणे घ्यायचं आणि जमल्यास घरी यायचं. घरी आल्यावर बायको विचारते, "मोहफुलं कुठं हायेत?" अस्वलाची चौकशी कोणी करत नाही.

मी स्वतः त्याच मुलखात खाणीच्या टाइम ऑफिसात पस्तीस वर्षं हजेरी मांडली. इतरांची हजेरी लावण्यात आयुष्य गेल्यामुळे आपण स्वतः कुठे हजर राहावं, हा प्रश्न कधी पडलाच नाही. समुद्राशी तर आमचा काडीचा संबंध नाही. कोणत्याही दिशेला सरळ रेषेत मोजा, समुद्र आमच्यापासून पाचशे किलोमीटरच्या पुढेच.

पण २०१९ च्या जानेवारीत आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेल्याचं पुण्याच्या लेकीला आठवलं. तिनं आणि जावईबापूंनी परस्पर आमची लक्षद्वीपची तिकिटं काढली. कोचीहून जहाजात बसायचं, कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय अशी तीन बेटं बघायची. दिवस बेटावर, रात्र जहाजावर. लक्षद्वीप म्हणजे लाख बेटं. पण मोजायला गेलं तर ती भरतात छत्तीस, त्यांतली वस्तीची दहा, आणि सगळ्यांची जमीन मिळून बत्तीस चौरस किलोमीटर. एवढ्या जागेत आमच्याकडे एका नर वाघाचंही भागत नाही.

तिथं जायला सरकारी परवाना लागतो आणि त्यासाठी पोलिसांचा दाखला. आमच्या हवालदारांनी अर्ज दोनदा वाचला.

"गुन्हा बिन्हा काही आहे का नावावर?"

"नाही."

"मग बेटावर कशाला जाता?"

समुद्रापलीकडच्या बेटावर सरकारनं पाठवल्याशिवाय कोणी जात असेल, हे त्यांना पटत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर अंदमान होतं. तरीही त्यांनी दाखला दिला आणि वर "सांभाळून या" असंही म्हणाले.

जहाज चांगलं उंचनिंच होतं. पहिल्या रात्री ते हललं, आम्हीही हललो; त्याविषयी अधिक लिहीत नाही. दुसऱ्या रात्री मात्र जेवणाच्या टेबलावर प्रत्येकासमोर एक कागद आला. उद्या कल्पेनी. तिथं आपण कोणतं साहस करू इच्छिता? एकाच चौकटीत बरोबरची खूण करावी. खाली यादी होती : पाण्याखाली टाकी पाठीला लावून बुडणे, म्हणजे स्कूबा. तोंडात नळी धरून पाण्यात पालथं तरंगणे, म्हणजे स्नॉर्केलिंग. कयाक नावाची अरुंद होडी स्वतः वल्हवणे. काचेच्या तळाच्या बोटीत बसणे. आणि सर्वांत शेवटी, नारळाच्या झाडाखाली विश्रांती. स्कूबापुढे बारीक अक्षरांत रक्तदाब, दमा आणि हृदय यांची चौकशी केलेली होती. लग्नाच्या वेळीसुद्धा माझी इतकी चौकशी झाली नव्हती.

त्या कागदानं सगळं जेवणघर ढवळून निघालं. आमच्या टेबलावर नागपूरचे एक निवृत्त बँक मॅनेजर होते. त्यांनी पेन काढून प्रत्येक साहसाच्या पैशाला मिनिटांनी भागलं आणि नारळाचं झाड सर्वांत परवडतं असा निकाल दिला. दादरच्या दोन बहिणींचं भांडण कयाकवरून नव्हतं, तर कयाकमध्ये पुढं कोण बसणार यावरून होतं. एका नव्या जोडप्यानं मात्र क्षणात स्कूबावर खूण केली. त्यांचं लग्न होऊन अकरा दिवस झाले होते. त्या वयात माणूस बुडायला तयारच असतो.

मी सवयीनं दोन्ही कागद पुढ्यात ओढले आणि दोन्हींवर काचेच्या बोटीसमोर खूण केली. चाळीस वर्षं आमच्या घरी हेच चालत आलं आहे. गाडीतली बर्थ, मतदानाची चिठ्ठी, हॉटेलातला डोसा, सगळ्याची निवड मीच करतो आणि वर "दोन" म्हणून सांगतो.

आमच्या हिनं आपला कागद उचलला. माझी खूण खोडली. मॅनेजरसाहेबांचं पेन मागून घेतलं आणि स्नॉर्केलिंगच्या चौकटीत एक ठसठशीत खूण केली.

"अगं, ते पाण्यात उतरायचं आहे."

"वाचता येते मले."

"पण तुला पोहता कुठं येतं?"

तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, की आमटीची वाटी मी आपोआप तिच्याकडे सरकवली.

"बावनथडीच्या काठची पोरगी मी. नदीतच वाढली. तुमी कधी इचारलं का?"

इथं मला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. ती मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली आहे, पण थोडी वेगळी.

आमचं लग्न १९७८ च्या उन्हाळ्यातलं. हिचं माहेर नदीपलीकडे. त्या वर्षी पोळा झाल्यावर मी तिला आणायला गेलो. येताना नदी भरून वाहत होती आणि पलीकडे यायला फक्त एक डोंगा होता. डोंग्यात आम्ही दोघं, दोन सायकली, एक बकरी आणि सासूबाईंनी दिलेला करंज्यांचा डबा. भर धारेत डोंगा गर्रकन फिरला. त्या प्रसंगी मी प्रसंगावधान राखून हिचा हात घट्ट धरला आणि तिला धीर दिला, असं मी पुढली चाळीस वर्षं सांगत आलो. पहिल्या वर्षी सांगताना पाणी पुरुषभर होतं. निवृत्तीच्या सुमारास ते दोन पुरुष झालं होतं आणि एक सायकल वाहून गेली होती.

खरं असं, की डोंगा फिरल्याबरोबर मी डोळे मिटले आणि हाताला जे लागलं ते आवळलं. तो हिचा हात होता. काठ आला तेव्हा तिच्या दोन बांगड्या फुटलेल्या होत्या आणि बकरीसुद्धा माझ्यापेक्षा शांत उभी होती. घरी आईनं बांगड्यांचं विचारलं. नवी सूनबाई म्हणाली, "दळताना जात्यावर लागल्या." त्यानंतर या विषयावर ती आजपर्यंत बोललेली नाही. मी गोष्ट सांगत असलो की ती चहा ठेवायला आत जाते.

"म्हणजे त्या दिवशी," मी हळू आवाजात विचारलं, "तुला पोहता येत होतं?"

"तुमी हात सोडला असता तर मी पोहून घरी गेली असती," ती म्हणाली आणि भाताला हात घातला.

कल्पेनीला जहाज काठाला लागत नाही. प्रवाळाच्या कड्याबाहेर ते थांबतं आणि माणसांना छोट्या बोटींत उतरावं लागतं. बोट वर येते, खाली जाते. ती वर आली की दारातला खलाशी तुम्हाला दंडाला धरून तिच्यात ढकलतो. यादीत याचा कुठंही उल्लेख नव्हता. मॅनेजरसाहेब त्या दारात उभे राहिले तेव्हा हा प्रकार मिनिटाला किती पडतो, हे त्यांनी काढलं नाही.

आत खाजण मात्र ताटातल्या पाण्यासारखं निवांत. हिरवं, मग निळं, मग पुन्हा हिरवं. बोटवाल्यानं आधीच बजावलं : प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, ते दगड नाहीत, जिवंत आहेत. १९९८, २०१० आणि २०१६ या साली समुद्र तापला आणि इथले प्रवाळ पांढरे पडून मोठ्या प्रमाणावर मेले. पुढे २०२४ मध्ये पुन्हा तसंच झाल्याचं वाचलं तेव्हा मला त्या बोटवाल्याचा चेहरा आठवला. त्यानंच आणखी एक माहिती दिली. पोपटमासा चोचीनं प्रवाळ कुरतडतो, मेलेला भाग चावून बारीक करतो आणि मागल्या बाजूनं वाळू करून टाकतो. बेटावरच्या त्या पांढऱ्याशुभ्र वाळूत पुष्कळ वाटा त्याचा. ज्या वाळूवर सारे पर्यटक लोळून फोटो काढत होते, तिकडे मी नंतर जपूनच पाहिलं.

काचेच्या बोटीत आम्ही सातजण खाली मान घालून बसलो होतो. पिवळे मासे गेले, पट्ट्यापट्ट्यांचे गेले, एक काळी समुद्रकाकडी आमच्या कचेरीतल्या बड्या बाबूसारखी एका जागी पडून होती. मी मनात म्हणत होतो, हेच खरं शहाणपण. दिसतं सगळं, भिजत काही नाही.

आणि मग काचेखाली माणूस आला.

लेकीचा सलवार-कमीज, वर नारिंगी जाकीट, तोंडात नळी, डोळ्यांवर काच. बोटीच्या कडेनं पालथी तरंगत ती मान वळवून काचेतून वर बघत होती. माझ्याकडे. वाटाड्या पोरगा शेजारी होता, पण त्याचा हात तिनं धरलेला नव्हता. तिनं मला ओळखलं आणि हात हलवला. बांगड्या दिसल्या, आवाज मात्र आला नाही. चाळीस वर्षांत त्या बांगड्यांचा आवाज न होता मी त्या प्रथमच पाहत होतो. मग ती वळली आणि पायांनी पाणी मारत निघून गेली. कशी मजेत गेली! जणू शाळा सुटली होती.

"कोण हो त्या?" दादरच्या थोरल्या बहिणीनं विचारलं. "चांगल्या पोहतात."

"आमच्या गावच्याच आहेत," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार? माझी तरी ओळख कालच झाली होती.

त्या रात्री डेकवर मॅनेजरसाहेबांशी गप्पा मारताना मँगनीजचा विषय निघाला. जवळच एक तरुण इंजिनिअर उभा होता. तो म्हणाला, "काका, तुमचं मँगनीज तर समुद्राच्या तळाशीही आहे. बटाट्याएवढे गोळे पडलेत, हजारो मीटर खोल. हिंदी महासागरात ते शोधायचा हक्क भारताला १९८७ साली मिळाला." मला आमच्या खाणीत आलेल्या एका भूगर्भशास्त्रज्ञाची आठवण झाली. त्यानं सांगितलं होतं, की आमच्याकडचं मँगनीज म्हणजे फार फार जुन्या समुद्राच्या तळाचा गाळ. मासासुद्धा जन्मला नव्हता तेव्हाचा. म्हणजे ज्या तळावर मी पस्तीस वर्षं हजेरी घेतली, तोच बघायला आता काचेची बोट करून आलो होतो.

खाली आलो तर टेबलावर मिनिकॉयचे कागद. मी दोन्ही कागद हिच्यापुढे सरकवले आणि उदारपणे म्हणालो, "या वेळी तू लाव."

तिनं आपल्या कागदावर खूण केली आणि माझा परत केला. "तुमचं तुमी लावा."

मी यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. मिनिकॉयला इंग्रजांनी १८८५ साली बांधलेलं दीपगृह आहे. त्याच्या पायऱ्या चढणं हेही यादीत होतं. गुडघे म्हणाले, नको. नारळाचं झाड म्हणालं, ये. पेन बराच वेळ हवेत होतं. बँक मॅनेजर असता तर त्यानं त्याचीही मिनिटं मोजली असती, पण ते स्वतःच्याच कागदाकडे बघत बसले होते. शेवटी मी खूण केली. थोडी थरथरली, पण चौकटीत पडली.

दुसऱ्या दिवशी मिनिकॉयच्या खाजणात कमरेएवढ्या पाण्यात मी उभा होतो. नळी तोंडात, जाकीट गळ्याशी, आणि छातीत खाणीचा भोंगा. हिनं हात पुढे केला. मग काही आठवल्यासारखं करून तो मागे घेतला आणि त्या हातातल्या बांगड्या एक एक काढून दुसऱ्या हातात चढवल्या.

"मागच्या वेळचं ध्यानात हाये," ती म्हणाली.

मी डोकं पाण्यात घातलं. डोळे उघडे ठेवले. एक छोटा निळा मासा माझ्या काचेसमोर येऊन थांबला आणि मला न्याहाळून गेला. सर्व मिळून अकरा सेकंद. टाइम ऑफिसातला माणूस वेळेच्या बाबतीत खोटं बोलत नाही. पाण्याच्या खोलीच्या बाबतीत बोलतो, हे वर आलंच आहे.

बाहेर आल्यावर तिनं बांगड्या पुन्हा दोन्ही हातांत वाटून घातल्या. मी सवयीनं मोजल्या. बाराच्या बारा हजर होत्या.