मोजलेलं इंजिन

जुनं इंजिन कधी एकटं येत नाही, त्याच्याबरोबर त्याच्या गोष्टीही येतात. बोअर कधी झालं, पिस्टन कुणी बदलले, कोणत्या मिस्त्रीचा हात फिरला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आप्पांचं बोअरिंगचं दुकान होतं, तिथे या गोष्टी ऐकतच मी वाढलो. नदीकाठच्या गावांतली पाण्याची डिझेल इंजिनं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून यायची. "एकदाच बोअर झालंय, आप्पा," शेतकरी खात्रीनं सांगायचा. आप्पा मान डोलवायचे, फडक्यानं सिलिंडर पुसायचे आणि बोअर गेज आत सोडायचे. वर, मध्ये, तळाशी. मग गेज काटकोनात फिरवून पुन्हा तसंच. वरची रिंग जिथून माघारी वळते तिथे झीज सर्वांत जास्त असते, म्हणून तिथे ते जास्त वेळ थांबायचे. आलेला आकडा खडूनं ब्लॉकवरच लिहायचे. समोरच्याला त्यांनी कधी खोटं पाडलं नाही, पण काम सुरू व्हायचं ते खडूच्या आकड्यावरून.

कॉलेजात असताना मी जुनी येझदी घेतली. देणारा म्हणाला, "पोर्टिंग केलंय." टू-स्ट्रोक इंजिनात पोर्टची उंची बदलली की गाडीचा स्वभावच बदलतो. सिलिंडर काढून दुसऱ्या येझदीच्या सिलिंडरशेजारी ठेवला. एक्झॉस्ट पोर्टच्या वरच्या कडेला कानशीचे ओरखडे स्पष्ट दिसत होते आणि उंचीही वाढलेली होती. बोलणं शब्दन् शब्द खरं निघालं. मोजण्यानं माणसाच्या शब्दाला बळही येतं, हे मला तेव्हा कळलं.

पुढे नोकरीत स्थिरावल्यावर जिप्सी आली. १९८५च्या अखेरीस मारुतीनं ही गाडी आणली ती ९७० सीसीच्या इंजिनासह. १३०० सीसीची जिप्सी किंग १९९६ची. चारही चाकांना पाटे, फोर-व्हील ड्राइव्ह, वजनाला हलकी. सैन्यानं ती वापरली, ताडोबाच्या सफारीत ती धावली, रॅलीवाल्यांनी तिच्यावर जीव टाकला. माझी गाडी मूळची ९७० सीसीची. मालकानं सांगितलं, "इंजिन तेराशेचं टाकलंय, बोअर करून चौदाशे केलंय. कॅम रॅलीचा आहे, हेडही घासलंय." तो मनापासून सांगत होता. त्यानं ज्याच्याकडून गाडी घेतली, त्यानं त्याला हेच सांगितलं होतं.

मला इंजिनाची ताकद वाढवायची होती. कार्ब्युरेटर, एक्झॉस्ट, टायमिंग असा सगळा बेत मनात तयार होता. पण इंजिनातला प्रत्येक बदल आधीच्या बदलावर उभा राहतो. हेड आधीच घासलेलं असेल तर कम्प्रेशन वाढलेलं असतं. त्यावर टायमिंग पुढे घेतलं, की चढावर इंजिन नॉक करू लागतं आणि पिस्टनचा जीव जातो. म्हणून बेत बाजूला ठेवला आणि मोजायला बसलो.

पहिला दावा ब्लॉकनंच सिद्ध केला. इंजिन नंबरची सुरुवात 'जी१३' अशी होती आणि तोच नंबर आरसी बुकात चढवलेला होता. हे पाहणं महत्त्वाचं, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांवर बंधनं घालतं. दुसरा दावा कागदावर तपासता आला. या इंजिनाचा मूळ बोअर ७४ मिलिमीटर, स्ट्रोक ७५.५, चार सिलिंडरांचे मिळून १२९८ सीसी. स्ट्रोक तोच ठेवून चौदाशे गाठायचे तर बोअर जवळपास ७७ मिलिमीटर हवा. हेड उतरवलं तेव्हा पिस्टनच्या माथ्यावर काजळीखाली '०.५०' असा छाप मिळाला. म्हणजे बोअर ७४.५ आणि इंजिन साधारण १३१६ सीसीचं. वाढ अठरा सीसीची. कॅमचा प्रत्येक लोब मायक्रोमीटरनं मोजला आणि दुकानातल्या नव्या कॅमशी ताडून पाहिला. दोन्ही सारखेच, कॅम कंपनीचा होता. हेडची जाडी मात्र खरोखरच कमी भरली.

हेड उतरवण्याआधी कम्प्रेशनही तपासलं होतं. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. तिसऱ्या सिलिंडरचा काटा मागे राहिला. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा स्टार्टर मारला. काटा चढला असता तर रिंगा गेलेल्या समजल्या असत्या. तो जागचा हलला नाही. रोख व्हॉल्व्हकडे होता आणि हेड निघाल्यावर जळकी सीट दिसलीच.

त्यानंतरचा बेत वेगळाच झाला. हेड आणखी घासायचं नाही, टायमिंग कंपनीचंच ठेवायचं. सीट कापून व्हॉल्व्ह लॅप करायचे. टायमिंग बेल्टचं वय कुणालाच सांगता येत नव्हतं, तेव्हा तो आधी बदलायचा. रेडिएटर साफ करायचा, ब्रेकचं काम पूर्ण करायचं आणि ताकदीचा विचार त्यानंतर. बोअर ०.५०पर्यंत आधीच वाढलेला असल्यानं पुढच्या वेळी बोअर करावं लागलं तर लायनर टाकावे लागतील, हेही आजच ठाऊक झालं. एवढ्या कामावर गाडी राधानगरीचा घाट न कुरकुरता चढते.

आपल्याकडे गाडी विकताना किल्ली, आरसी बुक आणि तोंडी इतिहास हवाली केला जातो. हा इतिहास प्रत्येक हातात थोडा फुगतो आणि त्याची किंमत शेवटचा मालक मोजतो. माझ्या जिप्सीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये आता एक वही आहे. तिच्यात बोअर, हेडची जाडी, कॅमची मापं, बेल्ट बदलल्याची तारीख आणि मशीन शॉपची बिलं आहेत. गाडी जाईल तेव्हा वहीही तिच्याबरोबर जाईल. तुम्हीही जुनी गाडी जरूर घ्या, तिच्यावर हौसेनं काम करा. मात्र पहिला खर्च मोजमापावर करा आणि केलेलं प्रत्येक काम लिहून ठेवा. तुमच्यानंतर ती गाडी चालवणाऱ्याचं तेवढं देणं तुम्ही लागता.