काळा म्हणजे फेज

अमेरिकेत येऊन दहा वर्षं झाली की माणसाला तीन गोष्टी होतात, असं आमच्या शिकागोच्या ग्रुपमध्ये म्हणतात. घर होतं, पोट सुटतं आणि कसलं तरी खूळ लागतं. कुणी बोट घेतं, कुणी मॅरेथॉन पळतं. आम्ही ट्रेलर घेतला.

ट्रेलर म्हणजे आपल्याकडे डोळ्यांसमोर येतो तो उसाचा नव्हे. हे चाकांवरचं घर. पिकअप ट्रकच्या मागे जोडायचं आणि निघायचं. आमचा चोवीस फुटी, सेकंडहँड. दोन बेड, गॅसची शेगडी, फ्रिज, एसी, आणि बायकोच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्वतःचं बाथरूम! घेतला तो इंडियानातल्या एल्कहार्टहून. ते गावच या धंद्याचं. आरव्ही बनवणाऱ्यांची राजधानी म्हणून ते मिरवतं आणि त्यात खोटं काही नाही.

बघताना आम्ही सगळं बघितलं. छत गळतं का, टायर किती झिजलेत, गाद्या कशा आहेत, नळाला पाणी येतं का. वायरिंग बघितलं नाही. बटण दाबलं, दिवा लागला, झालं! मी सॉफ्टवेअरवाला. माझ्या दृष्टीने लाइट म्हणजे भिंतीतून येणारी गोष्ट.

त्या उन्हाळ्यात अप्पा आले होते. माझे वडील. वाई तालुक्यात वीज मंडळात लाइनमन म्हणून लागले आणि २००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्यावर महावितरणमधून रिटायर झाले. अमेरिकेला येताना लोक लोणची-पापड आणतात. अप्पांनी तेही आणलं आणि बॅगेत चड्डी-बनियनच्या घडीत गुंडाळून आपला जुना टेस्टरही आणला. पिवळ्या दांडीचा, आत निऑनचा छोटा दिवा असलेला. "इथे कशाला लागणार आहे हा?" मी हसलो होतो.

लेक मिशिगनजवळच्या एका खासगी कॅम्पग्राउंडवर आमची पहिली ट्रिप. प्रत्येक जागेला एक बुटका खांब असतो. त्यात सॉकेट आणि ब्रेकर. ट्रेलरची जाड केबल त्यात खुपसायची की घर सुरू. रात्री पाऊस झाला. सकाळी मी कॉफी करतोय, अप्पा बाहेर खुर्चीत चहाचा कप घेऊन बसलेत, आणि सहा वर्षांची लेक अनवाणी ओल्या गवतातून धावत आली. तिने दाराच्या कडीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"बाबा, दार चावतं!"

मी आतूनच म्हटलं, "स्टॅटिक असेल गं." थंडीत इथे मोजे घालून कार्पेटवर चाललं की दाराचा नॉब चावतोच. सवयीचं झालंय.

अप्पांचा कप खाली पडल्याचा आवाज आला. "हात लावू नकोस! तिथेच थांब. अरे, तिला आधी उचल!"

अप्पा घरात कधी आवाज चढवत नाहीत. मी मागच्या खिडकीतून उडी मारल्यासारखा बाहेर आलो आणि तिला उचलून लाकडी टेबलावर ठेवलं. अप्पांनी रबरी चपला तपासून पायात घातल्या, शर्टाच्या खिशातून टेस्टर काढला (हो, तो खिशातच होता) आणि टोक कडीला लावलं. आतला दिवा मंद, नारिंगी पेटला.

कडीला. दाराच्या कडीला.

मग ते खांबाकडे गेले, ब्रेकर पाडला, परत आले, पुन्हा टेस्टर लावला. दिवा विझलेला. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "स्टॅटिक ओल्या गवतात होत नसतं."

माझ्याकडे मल्टिमीटर होता. हौसेने घेतलेला, पाकिटातून न काढलेला. तो काढला. खांबाच्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलमध्ये ११८ व्होल्ट. इथे घरगुती वीज १२० व्होल्टची असते, म्हणजे ठीक. फेज आणि अर्थिंगमध्येही तेवढाच आकडा यायला हवा. तिथे आकडा नुसता भरकटत होता. अर्थिंगची वायर खांबात किंवा जमिनीखाली कुठेतरी तुटलेली.

मग अप्पांनी मला जे समजावलं ते इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. फ्रिज, पाणी तापवायची कॉइल, बॅटरीचा चार्जर, या सगळ्यांतून अगदी थोडा करंट त्यांच्या पत्र्यात झिरपत असतो. अर्थिंग शाबूत असेल तर तो गुपचूप निघून जातो. अर्थिंग तुटलं की ट्रेलरची सगळी बॉडी अधांतरी होते आणि करंट वाट बघत बसतो. कुणाची? तर ओल्या जमिनीवर उभं राहून कडीला हात लावणाऱ्याची.

"पण मग ब्रेकर पडायला नको का?" मी.

"अरे, तीस अँपिअरचा ब्रेकर माणसासाठी नसतो. वायरसाठी असतो. माणसाला अँपिअरचा दहावा हिस्सासुद्धा पुरतो."

आमच्या नशिबाने तिथे नुसत्या झिरपणाऱ्या करंटवर निभावलं. त्याच वेळी ट्रेलरच्या आत एखादी फेजची वायर सोलवटून पत्र्याला टेकलेली असती तर... हा विचार मी आजही पूर्ण करत नाही.

मी शहाणपणा दाखवला. म्हटलं, आपणच एक तांब्याची सळई जमिनीत ठोकू या, झालं अर्थिंग! अप्पांनी उभं आयुष्य अर्थिंगचे खड्डे घेतलेले. मीठ-कोळसा भरायचा, उन्हाळ्यात वरून पाणी घालायचं. त्यांनी बोटांवर हिशेब केला. "सळईचा रेझिस्टन्स चांगला आला तरी धर पंचवीस ओहम. एकशेवीस भागिले पंचवीस किती?"

"४.८."

"पाच अँपिअरला तीसचा ब्रेकर पडतो?"

पडत नाही. म्हणजे सळई ठोकून मनाला बरं वाटलं असतं आणि दार चावतच राहिलं असतं. कॅम्पग्राउंडवाल्याने बिचाऱ्याने लगेच दुसरी जागा दिली आणि त्या खांबाला लाल पट्टी मारली.

घरी आल्यावर मी उपकरणांच्या मागे लागलो. 'सर्ज प्रोटेक्टर घ्या' असं सगळेच सांगतात. साध्या सर्ज प्रोटेक्टरच्या पोटात एमओव्ही नावाच्या चकत्या असतात. धरणाचा सांडवा असतो ना, तसं त्यांचं काम. लांब कुठे वीज पडली, लाइनमध्ये क्षणभर व्होल्टेजची लाट आली, की ती जादाची लाट त्या स्वतःवर घेतात. प्रत्येक लाटेसरशी थोड्या झिजतात. पण नुसत्या चकत्यांना अर्थिंग तुटलेलं असलं तरी त्याचं सोयरसुतक नसतं. टीव्ही वाचेल, पोरीचं काय?

आम्हाला हवं होतं ते त्याच्या वरचं. इथे त्याला ईएमएस म्हणतात. साधारण तीनशे डॉलर. ते आधी खांबाची परीक्षा घेतं. फेज-न्यूट्रल उलटे आहेत का, अर्थिंग आहे का, व्होल्टेज किती. १०४च्या खाली किंवा १३२च्या वर गेलं की तोडून टाकतं. वरची मर्यादा कशासाठी? तर तीस अँपिअरचं ट्रेलरचं सॉकेट १२० व्होल्टचं असतं, पण कपडे वाळवायच्या जुन्या मशीनचं तीस अँपिअरचं सॉकेट दिसायला त्याचाच भाऊ आणि ते २४०चं. नवख्या इलेक्ट्रिशियनने गफलत केली की ट्रेलरमधला मायक्रोवेव्ह, चार्जर सगळं एका मिनिटात स्वाहा.

खालची मर्यादा मात्र अप्पांना समजवावी लागली नाही. उन्हाळ्याच्या संध्याकाळी कॅम्पग्राउंडवर सगळ्यांचे एसी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज झोपतं. "म्हणजे आपले शेतीपंप सुरू झाल्यावर गावातले बल्ब पिवळे पडायचे तसंच की!" अप्पा खूश. व्होल्टेज कमी झालं की मोटर जास्त करंट ओढते आणि तापून जळते, हे त्यांनी जळक्या मोटरींच्या वासासकट सांगितलं. वीज परत आल्यावर हे यंत्र दोनेक मिनिटं थांबून मगच जोडतं, एसीच्या कॉम्प्रेसरला दम खायला वेळ मिळावा म्हणून. "हा आपल्या फ्रिजचा स्टॅबिलायझरच आहे," असं म्हणून मग त्यांनीच स्वतःला दुरुस्त केलं. "नाही, व्होल्टेज वाढवत नाही हा. हा नुसता दारवान. पण प्रामाणिक."

शनिवारी आम्ही दोघं ट्रेलरमध्ये शिरलो. केबल काढलेली, बॅटरीही सोडवलेली. तरीसुद्धा अप्पांनी दोनदा टेस्टर लावून बघितला. डायनिंगच्या बाकड्याखाली, बाहेरची केबल आत येते आणि पॅनेलला जाते त्या मधल्या जागेत यंत्र बसवायचं होतं.

बाकड्याची फळी उचलली आणि अप्पांनी 'च्' केलं. केबल पत्र्याच्या भोकातून तशीच ओढलेली. भोकाला रबरी वायसर नाही. कडेला घासून वरचं आवरण सोललेलं आणि आतलं काळं इन्सुलेशन डोकावत होतं. ही कारागिरी मूळची की आधीच्या मालकाची, देव जाणे. घरातली वायर एकदा भिंतीत गेली की पन्नास वर्षं हलत नाही. ट्रेलरची वायर हायवेवर रोज भूकंप सोसते. तिला मोकळं लोंबकळू द्यायचं नाही आणि ताणूनही बांधायचं नाही. गॅसच्या पाइपपासून, हीटरपासून लांब न्यायची. प्रत्येक भोकात रबर, ठरावीक अंतरावर क्लिप, टोकाशी एक सैल वळसा. मला वाटायचं वायर जोडणं हे काम. अप्पांचे तीन तास वायर 'नेण्यात' गेले, जोडण्यात वीस मिनिटं.

त्या वीस मिनिटांतच ते घडलं.

अप्पांनी नवी दहा गेजची वायर सोलली, तारांना पीळ दिला, एकही तार बाहेर नाही. मग काळी वायर उचलली आणि न्यूट्रलच्या स्क्रूखाली घातली. हात इतका सहज गेला की मी क्षणभर बघतच राहिलो.

"अप्पा... इथे काळा म्हणजे फेज."

आपल्याकडे लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. अमेरिकेत काळा फेज, पांढरा न्यूट्रल. मी हे आदल्या रात्री त्यांना सांगितलं होतं, त्यांनी मानही डोलावली होती. पण हाताला कोण सांगणार? त्या हाताने आयुष्यभर काळ्यावर विश्वास टाकला होता. वीज बंद होती, त्यामुळे त्या क्षणी धोका काहीच नव्हता. आणि यंत्राच्या पुढे उलटी पोलॅरिटी गेली असती तर दारवानालाही कळली नसती. तो बघतो ती खांबाकडची बाजू.

अप्पा काही बोलले नाहीत. स्क्रू सैल केला, वायर काढली. थोडा वेळ नुसते बसले. मला वाटलं आता म्हणतील, तूच कर. मी वयाचा, चष्म्याचा काहीतरी विषय काढणार होतो. बरं झालं नाही काढला.

"मार्कर आहे का?" त्यांनी विचारलं.

पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा फाडून त्यावर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'काळा = फेज', आणि तो पॅनेलच्या आतल्या बाजूला डोळ्यांसमोर चिकटवला. मग प्रत्येक वायर लावण्याआधी पट्टी मोठ्याने वाचली, मला "बरोबर?" विचारलं आणि मी "बरोबर" म्हटल्यावरच स्क्रू आवळला. "लाइनवर चढताना असंच असतं," ते म्हणाले. "एकाने बोलायचं, दुसऱ्याने परत बोलायचं. ज्याला वाटतं मला पाठ आहे, तो आधी जातो."

न्यूट्रल आणि अर्थिंगच्या पट्ट्या ट्रेलरच्या पॅनेलमध्ये एकमेकींना जोडायच्या नसतात, हे मात्र त्यांनी माझ्या आधी ओळखलं. इथल्या घरांच्या मेन पॅनेलमध्ये त्या जोडलेल्या असतात. पण ट्रेलरचं मेन पॅनेल म्हणजे कॅम्पग्राउंडचं. त्या इथे परत जोडल्या तर परतीचा करंट पत्र्यातूनही फिरायला लागेल. म्हणजे दार पुन्हा चावणार.

ऑक्टोबरमध्ये अप्पा परत गेले. टेस्टर घेऊन गेले, पट्टी राहिली. पहिल्या लांब ट्रिपनंतर सगळे स्क्रू पुन्हा आवळायची त्यांची ताकीद मी पाळली आणि दोन खरंच अर्धा आटा फिरले.

पुढच्या उन्हाळ्यात एका कॅम्पग्राउंडवर रात्री नऊला पोचलो. केबल लावली. डिस्प्लेवर आकड्याऐवजी एरर कोड. यादीत बघितलं: अर्थिंग नाही. बाहेर उकाडा, लेक पेंगलेली, ऑफिस बंद. यंत्र काढून थेट जोडायला दहा मिनिटंही लागली नसती आणि खोटं कशाला सांगू, मनात आलं. मग पॅनेलचं दार उघडलं तर ते अक्षर समोर. रात्र खिडक्या उघड्या ठेवून काढली. सकाळी जागा बदलून मिळाली.

आता केबल लावल्यावर दाराजवळ आधी लेक जाते. तिच्याकडे इथला पेनासारखा टेस्टर आहे. न टेकवता नुसता जवळ नेला तरी वाजतो. पायात चपला घालून ती तो कडीजवळ धरते, कान देते आणि ओरडते, "नाही चावत!"

मी आतून म्हणतो, "बरोबर?"

"बरोबर!"

मग वाईला फोन जातो. अप्पा आधी हवापाणी विचारत नाहीत. "व्होल्टेज किती?" विचारतात.