टीममधली ‘सलामी’, २०० बैठका आणि काळ्या चहासारखी लघवी

शाळा सुरू झाली की काही दिवसांतच कबड्डी, खो-खो, फुटबॉलच्या टीम निवडल्या जातात. मुलाची निवड झाली की घरात आनंद असतो. नवे बूट येतात, जर्सीवर नाव छापलं जातं आणि मुलगा संध्याकाळी उशिरा, पार थकून घरी येऊ लागतो. त्या थकव्याचं आपल्याला बरंच वाटतं. निदान मोबाइल तरी हातातून सुटला! हे वाटणं चुकीचं नाही. पण सगळा थकवा सारखा नसतो, आणि त्यातला धोक्याचा थकवा कसा ओळखायचा हे प्रत्येक पालकाला माहीत असायला हवं.

रॅगिंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कॉलेजचं होस्टेल येत असेल. पण नव्या मुलांना ‘घ्यायची’ पद्धत शाळेच्या टीममध्येही असते. सराव संपून सर घरी गेल्यावर मैदानात, कपडे बदलायच्या खोलीत, स्पर्धेसाठी बाहेरगावी मुक्काम असताना. तिथे त्याला कोणी रॅगिंग म्हणत नाही. कुठे ‘सलामी’ म्हणतात, कुठे ‘टेस्ट’, कुठे ‘वेलकम’. वाढदिवस असेल तर ‘बर्थडे बम्प्स’.

नववीतला एक मुलगा माझ्याकडे आला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आई म्हणाली, “डॉक्टर, कावीळ झालीय वाटतं. कालपासून लघवी लाल होतेय. पायही दुखतायत, म्हणून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून ठेवल्यात.” डोळे पाहिले तर पांढरेशुभ्र. मुलगा तपासणीच्या टेबलावर चढताना मात्र दोन्ही हातांनी आधार घेत होता. मांड्या सुजलेल्या आणि कडक होत्या. हात लावला की तोंड वेडंवाकडं करत होता. मी आईंना म्हटलं, “ताई, दहा मिनिटं बाहेर बसता का?” त्यांच्यामागे दार बंद झालं आणि थोड्या वेळानं तो बोलला. कबड्डीच्या टीममध्ये नव्यांनी २०० बैठका मारायच्या असतात. मध्ये थांबलं की पुन्हा एकपासून मोजायचं. मग लगेच म्हणाला, “पण सर, मला कोणी हात नाही लावला. मी स्वतःच मारल्या.”

बैठका मारून लघवीचा रंग का बदलतो?

आपल्या स्नायूंमध्ये मायोग्लोबिन नावाचं लाल रंगाचं प्रथिन असतं. सवय नसलेल्या स्नायूंवर एकदम प्रचंड ताण आला की स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं मायोग्लोबिन, पोटॅशियम वगैरे रक्तात मिसळतं. मायोग्लोबिन मूत्रपिंडातून बाहेर पडताना लघवीला काळ्या चहासारखा किंवा कोलासारखा रंग येतो. प्रमाण जास्त असेल आणि शरीरात पाणी कमी असेल, तर मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांना इजा होते आणि मूत्रपिंड काम करेनासं होऊ शकतं. रक्तातलं पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. या आजाराला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात.

मे २०२४ मध्ये राजस्थानातल्या डुंगरपूरच्या मेडिकल कॉलेजात सीनियर मुलांनी पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याला ३०० हून अधिक उठाबशा काढायला लावल्या. त्याच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला आणि ४ वेळा डायलिसिस करावं लागलं, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. ही वेळ उठाबशांनी आणली. कोणी काठीही उगारली नव्हती.

तुम्ही विचाराल, मग पैलवान हजार बैठका मारतात, त्यांना काही का होत नाही? कारण ते तिथवर महिनोन् महिने हळूहळू पोहोचलेले असतात. आणि मुख्य म्हणजे, शरीर ‘आता पुरे’ म्हणालं की त्यांना थांबता येतं. थकवा हा शरीरानं दिलेला ब्रेक आहे. ‘सलामी’मध्ये हा ब्रेक दुसऱ्याच्या हातात जातो. मुलाचे पाय थरथरत असतात, पण कधी थांबायचं ते भोवती उभी असलेली दहा मुलं ठरवतात. उन्हात, पाणी न देता हे चाललं असेल तर धोका आणखी वाढतो.

म्हणूनच “मी स्वतःच मारल्या” या वाक्यावर जाऊ नका. चौदा वर्षांच्या मुलाला टीममध्ये राहायचं असतं, सगळ्यांसमोर हसं करून घ्यायचं नसतं. अशा वेळी त्याने दिलेल्या होकाराला फारसा अर्थ नसतो.

आणखी कोणते प्रकार धोक्याचे?

भरपूर पाणी पिण्याची पैज निरुपद्रवी वाटते. पण थोड्या वेळात खूप पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, मेंदूला सूज येते, फिट येऊ शकते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या चिको इथे २००५ साली एका विद्यार्थी मंडळात प्रवेश घेताना मुलांना थंड तळघरात जोर मारायला आणि पाणी पीत राहायला लावलं होतं. त्यात एका तरुणाचा जीव गेला. आत होतं ते साधं पाणी, दारू नव्हे.

बर्थडे बम्प्समध्ये माकडहाडाला मार लागतो, कधी वृषणाला. वृषणात अचानक तीव्र वेदना आणि सूज आली, तर लाजेपायी सकाळपर्यंत थांबू नका. वृषणाला पीळ बसला असेल तर काही तासांतच ऑपरेशन करावं लागतं, नाहीतर ते गमवावं लागू शकतं. मोठ्या मुलांच्या टीममध्ये दारू पाजण्याचाही प्रकार होतो. प्यायलेला मुलगा हाक मारूनही जागा होत नसेल, तर त्याला ‘झोपू दे’ म्हणून एकटं सोडू नये. कुशीवर वळवावं आणि १०८ ला फोन करावा.

साधं अंग दुखणं कोणतं आणि डॉक्टरकडे कधी जायचं?

सरावानंतरचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवतं, पण मूल चालतं, जिना उतरताना कुरकुरतं आणि रोज थोडं थोडं बरं होत जातं. पुढीलपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा:

• लघवी काळ्या चहासारखी, कोलासारखी किंवा फारच कमी होणं
• मांड्या किंवा दंड सुजणं, कडक होणं, हात लावू न देणं
• उठता-बसता न येणं, पायात जोर नसणं
• उलट्या, गुंगी, छातीत धडधड

लघवीचा रंग न बदलताही हा आजार असू शकतो, हे लक्षात ठेवा. रक्ताची सीपीके, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम ही तपासणी आणि लघवीची साधी तपासणी यांतून बहुतेक उलगडा होतो. तोपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा दुखण्याच्या गोळ्या देऊ नका. त्या मूत्रपिंडावरचा ताण वाढवतात. जोरात मालीशही नको. आणि कावीळ समजून झाडपाल्याचं औषध घेण्यात दिवस घालवू नका.

त्या मुलाला मी लगेच हॉस्पिटलमध्ये पाठवलं. सीपीके, जे एरवी काहीशेच्या आत असतं, ते हजारोंच्या घरात होतं. चार दिवस सलाइन चढवलं, डायलिसिसची वेळ आली नाही, मूत्रपिंड पूर्ववत झालं. तो वाचला तो औषधानं, आणि त्याआधी खरं बोलल्यामुळे. हा आजार लवकर कळला तर बहुतेक वेळा सलाइनवर भागतं. उशीर होतो तो मूल घरी सांगत नाही म्हणून. टीमची गोष्ट टीममध्येच राहिली पाहिजे, हा त्या ‘सलामी’चा पहिला नियम असतो आणि तोच सर्वांत घातक आहे.

मूल सांगत नसेल तर?

अचानक सरावाला जायचं टाळणं, टीमच्या ग्रुपवरचे मेसेज लपवणं, सगळ्यांसमोर कपडे बदलायला नको म्हणणं, झोप उडणं, या खुणांकडे लक्ष द्या. “कोणी मारलं का?” असं विचारलं की “नाही” हेच उत्तर येतं, कारण मारलेलं नसतं. त्याऐवजी विचारा, “नवीन मुलांना तिथे काय काय करावं लागतं? नाही म्हटलं तर काय होतं?”

तो सांगू लागला की मध्ये बोलू नका. “मग तू गप्प का बसलास?” हे तर मुळीच नको. त्याला सर्वांत मोठी भीती असते ती टीममधून बाहेर पडण्याची. पुढची पावलं त्याला विश्वासात घेऊन टाकू असं सांगा, पण जिवाला धोका असेल तर मी थांबणार नाही, हेही स्पष्ट सांगा. तारीख, जागा, काय झालं ते लिहून ठेवा. फोटो आणि मेसेज जपून ठेवा. तपासताना डॉक्टरांना खरं कारण सांगा, म्हणजे केसपेपरवर तशी नोंद होईल.

मग मुख्याध्यापकांना लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि तो शाळा, वसतिगृहं आणि शिकवण्यांनाही लागू होतो. विद्यार्थी एरवी स्वखुशीने करणार नाही अशी गोष्ट त्याला करायला लावणं, हेही या कायद्यानुसार रॅगिंगच आहे. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखांनी ७ दिवसांत चौकशी करायची असते. तथ्य दिसलं तर संबंधित विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते. यात हयगय करणारा प्रमुख गुन्ह्याला साथ देणारा मानला जातो. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांची प्रकरणं मात्र बाल न्याय मंडळासमोर जातात.

कपडे काढायला लावणं, गुप्तांगांना हात लावणं असं काही घडलं असेल तर ते पॉक्सो कायद्यात येतं, मग मूल मुलगा असो की मुलगी. ज्याला हे कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेलाही ते दाबता येत नाही. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा नंबर घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

तुमचा मुलगा सीनियर असेल तर?

हा प्रश्न पालक मला कधी विचारत नाहीत. पण बैठका मोजणारी मुलंही कोणाच्या तरी घरचीच असतात. “आम्हीपण मारल्या होत्या, आम्हाला काय झालं?” असं ती म्हणतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरंही असतं. त्यांना लघवीच्या रंगाची ही गोष्ट सांगा. शंभरातल्या नव्याण्णव जणांना काही झालं नाही, तरी शंभरावा कोण हे आधी कळत नाही. आणि काही झालंच तर तिथे उभे राहून मोजणारे, व्हिडिओ काढणारे सगळे अडकतात.

प्रशिक्षकांनाही एक विनंती. निवडीच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा की नव्यांसाठी वेगळी कोणतीही परीक्षा नाही. प्रत्येक नव्या मुलाला एक जुना जोडीदार द्या. कपडे बदलताना आणि मुक्कामाला एक जबाबदार मोठं माणूस जवळपास ठेवा. नव्यांचं स्वागत करायचंच असेल तर सगळ्यांनी मिळून मैदान आखावं, नंतर मिसळ खावी.

आज रात्री जेवताना तुमच्या मुलाला दोनच गोष्टी विचारा: तिथे तुला मध्येच थांबता येतं का? आणि तिथे जे होतं ते घरी सांगता येतं का? दोन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर खुशाल खेळू द्या, घामाघूम होऊन येऊ द्या. एकाचंही उत्तर यायला वेळ लागला, तर ताट बाजूला ठेवून ऐका.