राहनाळची गोदामं आणि भातुकली

भिवंडीजवळच्या राहनाळला कुणी हौसेनं फिरायला जात नाही. दुतर्फा गोदामं आणि मालट्रकांची रांग, बस्स! मुंबईच्या जकातीबाहेर म्हणून भिवंडीभोवती ही गोदामं उभी राहिली. १ जुलै २०१७ ला जीएसटी येऊन जकात गेली, गोदामं मात्र राहिली. तुम्ही घरबसल्या मागवलेली बाहुली कदाचित इथूनच निघाली असेल. पण बघायला म्हणाल, तर सगळं खोक्यांत बंद.

खेळणी जमवणाऱ्यांचे मेळेही असेच घरपोच झाले. अमेरिकेतल्या सॅन डिएगोचा कॉमिक-कॉन जुलै २०२० मध्ये पडद्यावरच भरला. ना तिकीट, ना प्रवास. पोळ्या लाटता लाटता बघा. आडगावच्या बाईला ही सोय काही थोडी नव्हे.

तरी पुण्याच्या विलास करंदीकरांच्या भातुकलीचं प्रदर्शन जवळपास भरलं, तर स्वतः जा. चिमुकला बंब, जातं समोर दिसलं, की शेजारची अनोळखी बाई आपण होऊन बोलू लागते, "अगं बाई, अस्संच होतं माझ्याकडे!" पडद्यावर असं कोण बोलणार? सासूबाईंनाही बरोबर न्या. आणि माळ्यावरची पितळी भातुकली मोडीत द्यायची असेल, तर ते परत आल्यावर ठरवा.